नाडी जुळली, रक्ताचं काय?

लग्नाचा बायोडेटा एकदा नीट वाचून बघा. उंची, वर्ण, शिक्षण, पगार, शेती किती एकर, घर स्वतःचं की भाड्याचं. खाली रास, नक्षत्र, गण, नाडी, गोत्र किंवा देवक. हल्ली रक्तगटही लिहितात. सगळ्यात शेवटी मामाचं नाव, गाव, आडनाव. म्हणजे होणारं मूल कसं निपजेल याचा अंदाज बांधण्यासाठी आपण एक पानभर माहिती गोळा करतो. त्या पानावरची एकही ओळ त्या अंदाजाला फारशी उपयोगी पडत नाही, हा आजच्या पोस्टचा विषय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. ज्यांच्या घरात लग्नाचं बोलणं सुरू आहे त्यांनी मात्र आजच वाचा.

विषय डोक्यात आला तो एका कॉम्प्युटर गेममुळे. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंग करतो. सुट्टीत आमच्याकडे आला की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉपवर राज्य करत बसतो. गेमचं नाव 'क्रुसेडर किंग्ज ३'. पॅराडॉक्स नावाच्या स्वीडिश कंपनीचा, २०२० साली आलेला. यात तुम्ही एक राजा निवडायचा आणि त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या चालवायचं. लढाया आहेतच, पण खरा खेळ लग्नांचा. नवरी शोधायला बसलं की उमेदवारांची यादी येते आणि प्रत्येकीच्या नावापुढे चित्रं येतात. ही हुशार, ही देखणी, ही धट्टीकट्टी. हे गुण जन्मजात, पोरांत उतरू शकणारे. दोघांकडे तोच गुण असला की मुलात उतरण्याची शक्यता वाढते. मग खेळणारे काय करतात? चांगला गुण घराण्याबाहेर जाऊ नये म्हणून आपसातच लग्नं लावतात. दोन-तीन पिढ्या ते जमूनही जातं. आणि एक दिवस बाळाच्या नावापुढे 'इनब्रेड' असं चित्र येतं. तब्येत ढासळलेली, वंश वाढायची शक्यता कमी, सगळेच गुण खाली. भाचा कपाळाला हात लावतो, हसतो आणि जुनी सेव्ह केलेली फाईल उघडून ते लग्नच रद्द करून टाकतो.

दुसरा प्रसिद्ध गेम 'द सिम्स'. त्यात घरं बांधायची, संसार करायचे, पोरं वाढवायची. २००४ साली आलेल्या 'सिम्स २' पासून त्यात आईबापाच्या डोळ्यांचे, केसांचे रंग पोरांकडे जातात. कोणता रंग दुसऱ्यावर मात करतो आणि कोणता दबून राहतो, हेही ठरलेलं. पण बहीण-भावाचं जुळवायला गेलात तर गेम तो पर्यायच दाखवत नाही. आजार नाहीत, वाहक नाहीत, दवाखान्याच्या फेऱ्या नाहीत. एका गेमने दार बंद केलंय, दुसऱ्याने दार उघडं ठेवून आत भूत बसवलंय.

दोन्ही गेममध्ये एक गोष्ट सारखी आहे. जे काही आहे ते पडद्यावर दिसतं. खऱ्या आयुष्यात नेमकं तेच दिसत नाही.

भाचा खेळतो ते घराणं राष्ट्रकूटांचं. गेमची एक सुरुवात इसवी सन ८६७ मध्ये होते, तेव्हा दख्खनवर अमोघवर्षाचं राज्य. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. आमच्या सीमेवरच्या तालुक्यातून सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोहोचता येतं. मी त्याला म्हटलं, "अरे, तू जे खेळतोयस ते यांनी खरंच केलेलं आहे." अमोघवर्षाचा मुलगा दुसरा कृष्ण याने चेदीच्या कलचुरी राजाची, कोक्कल्लाची मुलगी केली. त्यांचा मुलगा जगत्तुंग. त्याचं लग्न झालं लक्ष्मीशी, ती त्याच्या मामाची मुलगी. त्या दोघांचा मुलगा तिसरा इंद्र. गेमच्या हिशेबाने याच्या नावापुढे काहीतरी वाईट चित्र यायला हवं होतं. प्रत्यक्षात याच इंद्राने ९१६ च्या सुमारास उत्तरेत धडक मारून प्रतिहारांचं कनौज घेतलं. आणि त्याने स्वतःही बायको केली ती त्याच कलचुरी घराण्यातली.

दक्षिणेत हे काही नवीन नव्हतं. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडच्या लोकांच्या खास रिवाजांची यादी आहे, त्यात मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी लग्न हा रिवाज नोंदलेला आहे. महाभारतात सुभद्रा ही अर्जुनाच्या मामाचीच मुलगी. आपल्याकडे गावोगाव जे म्हणतात की मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, त्याला दोन हजार वर्षांहून जुना आधार आहे.

आता दुसरं टोक. स्पेनचा राजा दुसरा कार्लोस, जन्म १६६१, मृत्यू १७००. त्याची आई ही त्याच्या बापाची सख्खी भाची. स्पेनच्या हाब्सबर्ग घराण्यात दोनशे वर्षांत राजांची अकरा लग्नं झाली, त्यातली नऊ जवळच्या-लांबच्या नात्यातली. २००९ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी या घराण्याची वंशावळ घेऊन हिशेब मांडला. मूल किती 'आतल्या आत' जन्मलं हे मोजायचा एक आकडा असतो. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या मुलाचा तो येतो १६ मध्ये १, म्हणजे सुमारे ०.०६. मामा-भाचीच्या मुलाचा ८ मध्ये १. सख्ख्या बहीण-भावाच्या मुलाचा ४ मध्ये १, म्हणजे ०.२५. कार्लोसचा आला ०.२५४. त्याचे आईबाप मामा-भाची, पण मागच्या पिढ्यांची उधारी साचत साचत आकडा बहीण-भावाच्याही वर गेला. त्याला उशिरा बोलता आलं, उशिरा चालता आलं, दोन लग्नं होऊनही मूल झालं नाही. तो गेला आणि स्पेनच्या गादीसाठी युरोपात बारा-तेरा वर्षं युद्ध चाललं.

इंद्रही नात्यातल्या लग्नातला आणि कार्लोसही. एकाकडे बोट दाखवून 'काही होत नाही' म्हणता येतं, दुसऱ्याकडे दाखवून 'सत्यानाश होतो' म्हणता येतं. आपल्याकडे ही दोन्ही बोटं रोज दाखवली जातात. दोन्ही चूक.

आता घरातलं सांगतो, ताईला विचारूनच लिहितोय. माझी लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताईने गेल्या वर्षी अर्धं हसत, अर्धं मनापासून विषय काढला. "तुझी लेक माझ्याच घरात येऊ दे. परक्याच्या घरी कशी वागवतील काय माहीत. माझ्याकडे आत्याच सासू." यात वाईट काय आहे सांगा. हुंड्याचा विषय नाही, मुलगी डोळ्यासमोर राहते, बारा वर्षांनी तिला कुणी माहेरच्या नावाने टोमणा मारणार नाही. ज्या समाजात सुनेला जाळतात तिथे आई-बाप मुलीसाठी ओळखीचं घर शोधतात, ते अडाणी आहेत म्हणून नाही. तेवढीच खात्री त्यांच्या हातात असते म्हणून. हे समजून न घेता शहरातला डॉक्टर नाक मुरडून 'शी, बहिणीशी लग्न?' म्हणाला की माणसं पुढचं ऐकतच नाहीत.

मी काही बोलायच्या आत ताईचा पुढचा मुद्दा तयार होता. "आपल्या आजी-आजोबांचं असंच झालेलं. काय बिघडलं?"

आजीची सासू म्हणजे आजीची आत्या, हे खरं. आजीची पाच मुलं मोठी झाली, माणसाला लागली, हेही खरं. पण आजीची बाळंतपणं पाच नव्हती, आठ होती. तीन लहानपणीच गेली. त्यातलं एक कधी मान धरू शकलं नाही, असं आजी सांगायची. तो काळ गोवराचा, हगवणीचा, धनुर्वाताचा होता, नात्यात लग्न न केलेल्यांचीही मुलं जायची. कोण कशाने गेलं याची नोंद कुठेच नाही. मी ताईला एवढंच म्हटलं, "काय बिघडलं हे विचारायला आपण जिवंत आहोत. ज्यांचं बिघडलं ते या गप्पांना बसलेले नाहीत."

रक्तात नेमकं होतं काय, ते सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतो. शरीर चालवणाऱ्या बहुतेक सूचना आपल्याकडे दोन प्रतींत असतात. एक आईकडून, एक बापाकडून. घराच्या कुलपाच्या दोन किल्ल्या समजा. एक मोडकी निघाली तरी दुसरीने दार उघडतं, घरच्यांना काही कळतही नाही. आपल्या प्रत्येकाकडे अशा काही मोडक्या किल्ल्या असतातच. माझ्याकडे आहेत, तुमच्याकडे आहेत. वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळ्या. आता आजोबांकडे एक मोडकी किल्ली असेल तर तिची नक्कल मुलाकडे जाऊ शकते, मुलीकडेही. तिथून नातवाकडे आणि नातीकडे. चौघंही ठणठणीत. त्या नातवाचं-नातीचं एकमेकांशी लग्न झालं, तर त्यांच्या बाळाच्या वाट्याला त्याच मोडक्या किल्लीच्या दोन नकला येऊ शकतात. आजोबांच्या एका मोडक्या किल्लीसाठी ही शक्यता ६४ मध्ये १. आकडा लहान आहे. पण आजोबांकडे अशी एकच किल्ली नसते, आणि आजीच्याही असतातच.

म्हणून इंद्र कनौज जिंकू शकला. आणि म्हणूनच जन्मतः ऐकू न येणारी मुलं ज्या शाळेत शिकतात, तिथल्या शिक्षकांना विचारलंत तर ते सांगतील की आईबाप नात्यातले असलेली मुलं त्यांच्या वर्गात अधूनमधून येत राहतात. 'इनब्रेड' नावाचा एकच एक आजार नसतो. कुणाच्या घरात ती किल्ली कानाची असते, कुणाच्या रक्ताची, कुणाच्या डोळ्यांची, कुणाच्या स्नायूंची. बऱ्याच घरांत काहीच बाहेर येत नाही.

इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत भावंडांच्या मुलांची आपसात लग्नं खूप होतात. तिथे अकरा हजारांहून जास्त बाळांचा मागोवा घेऊन २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मजात दोषाचं प्रमाण एरवी साधारण ३ टक्के असतं, सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नात ते साधारण ६ टक्के निघालं. दुप्पट. घाबरवायचं असेल तर 'दुप्पट' म्हणा, समजूत घालायची असेल तर 'शंभरातली चौऱ्याण्णव बाळं नीट' म्हणा. आकडा तोच. आईबापाने दोन्ही बाजू ऐकून ठरवावं, एवढंच.

कायद्याचं काय, असंही ताईने विचारलं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात भाऊ-बहिणीच्या मुलांचं आपसातलं लग्न, म्हणजे मामे-आते भावंडांचं लग्न, निषिद्ध नात्यांत येतं. पण त्याच कायद्यात पुढे आहे की दोन्हीकडे तशी रूढी असेल तर चालेल. महाराष्ट्रात खाली दक्षिणेकडे जावं तशी रूढी सैल होत जाते. कुठे मामाची मुलगी चालते पण आत्याची नको, 'वेल परत आणू नये' म्हणतात. सीमाभागात दोन्ही चालतात, पलीकडे सख्खी भाचीही चालते. सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याशी लग्नाआधी काय नातं होतं हा प्रश्न विचारला जातो. तमिळनाडू आणि कर्नाटकात अजूनही चारातल्या एकीपेक्षा जास्त बायका 'नात्यातच' असं उत्तर देतात.

रूढीचा हिशेब आणि रक्ताचा हिशेब वेगळा आहे, हे मात्र ध्यानात घ्या. गोत्र आणि देवक चालतं ते बापाच्या बाजूने. चुलत भावंडं म्हणजे बहीण-भाऊ, तिथे लग्नाचा विचारही पाप. मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं, देवक वेगळं, म्हणून ती चालते. रक्ताला हा फरक कळत नाही. चुलत बहीण असो की मामेबहीण, वाटा सारखाच, आठातला एक. आईच्या बाजूचं रक्त मोजायचंच नाही, हा नियम माणसांनी केलेला आहे.

गंमत म्हणजे जनावरांच्या बाबतीत आपण हे बरोबर मोजतो. आमच्याकडे शेळ्या पाळणारा कुणीही सांगेल की कळपातला बोकड दोन वर्षांनी बदलायचा, नाहीतर तो स्वतःच्याच पिलांवर जातो आणि पुढची करडं कमजोर निघतात. देवणी गाई सांभाळणारा पैदाशीच्या वळूबद्दल हेच सांगतो. गोठ्यात कळतं ते माजघरात आलं की कळेनासं होतं.

एवढं वाचून 'आमच्यात नात्यात करतच नाहीत, आम्ही सुटलो' असं म्हणून पोस्ट बंद करणार असाल तर थांबा. खरा मुद्दा पुढे आहे.

आमच्याच भागातलं एक जोडपं मला बातमीच्या निमित्ताने भेटलं. नाव-गाव सांगत नाही. दोन मुलं, दोघांनाही थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला जिल्ह्याच्या गावी जायचं, एसटीने, दिवसाची मजुरी बुडवून. सतत रक्त घेतल्याने शरीरात लोह साचतं, ते काढायच्या गोळ्या वेगळ्या. रक्तपेढीत त्या गटाची पिशवी नसेल तर डोनर शोधायचा. पहिल्या मुलाच्या वेळी सासरचे म्हणाले, हिचा पायगुण. दुसऱ्याच्या वेळी म्हणाले, हिच्या माहेरचंच रक्त नासकं, पोराचं दुसरं लग्न लावू. ती बाई मला म्हणाली, "साहेब, आमचं नात्यात झालेलं नाही. दोन वेगळे जिल्हे. छत्तीसपैकी एकोणतीस गुण जुळले होते."

थॅलेसेमिया मेजर मुलाला तेव्हाच होतो जेव्हा आई आणि बाप दोघांकडूनही एकेक मोडकी किल्ली येते. म्हणजे ज्या घराण्यातल्या पोराचं दुसरं लग्न लावायची भाषा चालली होती, तो पोरगाही तितकाच वाहक होता. फक्त तपासणी त्याची कुणी आधी केली नव्हती.

भारतात शंभरातले साधारण तीन-चार जण थॅलेसेमियाचे वाहक आहेत. काही समाजांत प्रमाण याहून खूप जास्त. त्याचं कारण आपण नात्यात लग्न करतो एवढंच नाही. आपण जातीत करतो, पोटजातीत करतो, त्यातही ठरावीक पाच-पन्नास गावांत आणि दहा-पंधरा आडनावांत करतो. आणि हे शतकानुशतकं चाललंय. २०१७ मध्ये हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्ड इथल्या शास्त्रज्ञांनी दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले ८१ गट असे निघाले की ते पूर्वीच्या मोजक्याच माणसांपासून वाढले आहेत आणि नंतर आतल्या आतच लग्नं करत राहिले. यातल्या काही गटांची लोकसंख्या आज दहा लाखांच्या वर आहे. दहा लाख माणसं, पण किल्ल्यांचा जुडगा एका वाड्याचा. आंध्र-तेलंगणातल्या एका व्यापारी समाजात ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायला देतात त्या एका औषधाचा असर काही जणांवरून लवकर उतरतच नाही, हे तिथल्या भूलतज्ज्ञांना पाठ आहे. औषध देण्याआधी ते जात विचारतात. वाईट वाटतं ऐकायला, पण त्याने जीव वाचतो.

तर 'परक्यात केलं' म्हणजे किती परक्यात? दोन जिल्हे वेगळे, पण हजार वर्षांचं सोयरपण एकच.

आता आपल्या बायोडेटाकडे परत या. छत्तीस गुणांत सगळ्यात जास्त, आठ गुण नाडीला. एकनाड आली तर मूल नीट होत नाही म्हणून जमलेली लग्नं मोडतात. रक्तगटाचं तर वेगळंच. 'दोघांचा ओ पॉझिटिव्ह आला, नको' असं म्हणणारी शिकलेली घरं मी पाहिली आहेत. सारख्या रक्तगटाने मुलाला काहीही होत नाही. अडचण येऊ शकते ती बाईचा गट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर, आणि त्यावरही वेळेवर द्यायचं इंजेक्शन आहे. जे तपासायला हवं ते कुणी विचारत नाही. त्या तपासणीचं नाव एचपीएलसी. साधं रक्त काढून होते. थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे वाहक यात कळतात. मोठ्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा, खासगीत केली तरी लग्नाच्या पत्रिका छापायच्या खर्चात बसते.

सिकलसेलसाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून मोहीम सुरू केली. आदिवासी भागातल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं उद्दिष्ट. आपल्या नंदुरबार, गडचिरोली, मेळघाटात हा आजार घरोघरी माहीत आहे. तपासणी झालेल्यांना कार्ड मिळतं. लग्न ठरवताना दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बघायची, अशी कल्पना. कुंडलीच्या देशात ही भाषा लोकांना लगेच कळते. पण कार्ड वाटून काम भागत नाही, ते घेऊन बसलेल्या पोरीला कुणीतरी समजावून सांगावं लागतं की वाहक म्हणजे आजारी नव्हे.

भूमध्य समुद्रात सायप्रस नावाचं छोटं बेट आहे. तिथे दर सहा-सात माणसांमागे एक थॅलेसेमियाचा वाहक. १९८०च्या दशकात तिथल्या चर्चने लग्न लावण्याआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. त्या दाखल्यावर निकाल लिहिलेला नसतो. तपासणी झाली आणि सल्ला मिळाला, एवढंच असतं. निकाल त्या दोघांचा. दोघंही वाहक निघालेली बहुतेक जोडपी तरीही लग्न करतात. मग गरोदरपणात दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना तपासून बाळाचं कळतं आणि काय करायचं ते ठरवतात. ही तपासणी आपल्याकडेही नोंदणीकृत केंद्रात कायद्याने करता येते, लिंग मात्र सांगता येत नाही. तिथे थॅलेसेमिया मेजरची बाळं जन्मणं जवळपास थांबलं. कुणाची जात मोडायला सांगितली नाही, कुणाचं प्रेम मोडायला सांगितलं नाही.

आपल्याकडे हे करताना एक धोका आहे आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. मुलीची तपासणी होईल, ती वाहक निघेल आणि चार गावांत बोभाटा होईल की 'तिच्या रक्तात दोष आहे'. तिचं लग्न जमणार नाही. ज्या पोरीला आयुष्यात कधी साधा अशक्तपणाही जाणवणार नाही, तिच्या कपाळावर गेममधल्यासारखं चित्र चिकटवलं जाईल. म्हणून माझा आग्रह एकच आहे. आधी मुलाची तपासणी. विज्ञानाच्या दृष्टीने कुणाचीही आधी केली तरी चालतं. मुलगा वाहक नसेल तर या दोन आजारांपुरता प्रश्न तिथेच मिटला, मुलीच्या दंडाला सुई लावायची गरजच नाही. तो वाहक निघाला तरच मुलीची. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. हे 'प्रत्येक' नीट वाचा. पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नसतं. दरवेळी नाणी नव्याने उडतात.

आणि ज्यांचं खरंच जवळच्या नात्यात ठरतंय किंवा झालंय, त्यांनी एचपीएलसीवर थांबू नये. दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांसमोर बसून तीन प्रश्न विचारावेत. घरात कोणी जन्मापासून बहिरं होतं का? लहानपणी न कळलेल्या आजाराने गेलेली मुलं किती? हळूहळू चालणं किंवा दिसणं गेलेलं कोणी आहे का? उत्तरं कागदावर लिहून जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरकडे जावं. आज्यांना सगळं आठवत असतं. त्यांना कुणी विचारत नाही.

ताईच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. म्हटलं, पहिला निर्णय लेकीचा. ती त्याला दादा म्हणत वाढलीय, तिचा नकार मला तिच्या चेहऱ्यावरच दिसतो. तिने उद्या होकार दिलाच, तर आधी पोराला घेऊन लॅबमध्ये ये. ताई दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी फोन आला, "त्या तपासणीचं नाव काय म्हणालास? थोरलीचं जमतंय, तिच्या होणाऱ्या नवऱ्याला सांगावं कसं?"

सांगावं कसं, हाच खरा प्रश्न आहे. मुलाकडच्यांनी आपण होऊन सांगितलं तर तो राहणार नाही. तेव्हा या लग्नसराईत ज्यांच्या घरी मुलगा आहे त्यांना विनंती. बायोडेटात नाडीच्या खाली एक ओळ वाढवा, 'एचपीएलसी तपासणी झाली आहे'. निकाल छापू नका, समोरच्या घराला बसून सांगा. वधू-वर मेळावे भरवणाऱ्या मंडळांनी फॉर्मवर ही ओळ घ्यावी. त्यासाठी ना ठराव लागतो ना निधी. आमच्या तालुक्यातल्या दोन मंडळांशी मी बोललोय. एकाने बघू म्हटलंय, दुसऱ्याने नकार दिलाय. तुमच्या गावात कोण काय म्हणतं ते कमेंटमध्ये कळवा.